बारा काड्या आणि राजहऱ्याचा डोंगर

माझी भाची भूविज्ञान घेऊन बी.एस्सी. करते. गेल्या रविवारी ती भिलाईला आमच्याकडे आली होती, तेव्हा तिचं जर्नल चाळत होतो. अष्टफलकाची आकृती सुरेख काढलेली: मागच्या कडा तुटक रेषांनी, अक्ष लाल पेन्सिलीने. मी विचारलं, "पूर्ण फेरीत चारदा तसाच दिसेल, असे अक्ष याला किती?" "तीन," ती पटकन म्हणाली. "दाखव बघू." उभ्या अक्षावर बोट ठेवून ती थांबली. उरलेले दोन तिला पाठ होते, पण दिसत नव्हते.

मग आम्ही काडेपेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब घेऊन बसलो. काड्यांचं गुल खरवडून काढलं, ट्यूबचे बोटाच्या पेरापेक्षाही लहान तुकडे केले, भोकं पाडून सांधे जुळवले. आधी घन केला. बारा काड्या, आठ कोपरे. टेबलावर ठेवला की एका बाजूला कलंडायचा. "मामा, हा उभाच राहत नाही!" तोच घन सोडवून त्याच बारा काड्यांचा अष्टफलक केला. कोपरे सहाच, पण प्रत्येक फलक त्रिकोणी. दाबला तरी हलेना. समोरासमोरचे दोन कोपरे चिमटीत धरून भाचीने तो फिरवला. एका फेरीत चारदा जसाच्या तसा. मग दुसरी जोडी धरली, मग तिसरी. तीन अक्ष तिचे तिलाच सापडले.

ही युक्ती माझी नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये शालेय विज्ञानाचा जो प्रयोग सुरू झाला, त्यात पुढे अरविंद गुप्ता सामील झाले आणि काड्या-ट्यूबचे हे सांगाडे त्यांनी गावोगावच्या शाळांत पोचवले. पुण्याच्या आयुकातल्या बालविज्ञान केंद्रामुळे महाराष्ट्रालाही ते ओळखीचे झाले. प्रश्न इतकाच, की जे सहावीच्या मुलाच्या हाती दिलं, ते विद्यापीठात शिकणाऱ्याच्या हातून का काढून घेतलं?

"मोठ्या मुलांना कसली खेळणी द्यायची?" असं म्हणणारे प्राध्यापक मला भेटले आहेत. त्यांना खनिजशास्त्राचाच इतिहास सांगावासा वाटतो. फ्रान्समध्ये रोमे द लिल याने १७८३ साली स्फटिकांवरचा ग्रंथ काढला, तेव्हा सोबत भाजलेल्या मातीच्या चारशेहून अधिक प्रतिकृती बनवून घेतल्या होत्या. आयुई याने लाकडी प्रतिकृती वापरून स्फटिकाची आतली रचना मांडली. पुढे बॉनच्या क्रांट्झ कंपनीचे लाकडी संच जगभरच्या विद्यापीठांत गेले. या शास्त्राने पहिली पावलं हातानेच चाचपत टाकली आहेत.

आणि आपल्या भागात तर या विषयाला घरचं नातं आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा नागपूरला एका अधिकाऱ्याला भेटायला गेले होते. वाट पाहताना समोरच्या संग्रहालयात शिरले आणि मध्य प्रांताच्या भूशास्त्रीय नकाशात त्यांना दुर्ग जिल्हा गडद रंगवलेला दिसला, लोहखनिजाची खूण म्हणून. नकाशा पाहून ते थांबले नाहीत. भूवैज्ञानिक वेल्ड यांना घेऊन दुर्गकडे आले आणि लोखंडाच्या त्या डोंगरावर स्वतः चढले. टाटांचा पोलाद कारखाना शेवटी साकचीला झाला. पण ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, ती दल्ली-राजहऱ्याच्या याच खनिजाच्या भरवशावर.

नकाशा खरा होता, तरी पाय डोंगराला लागावे लागले. वर्गातली आकृतीही खरीच असते. तिच्यापासून हातापर्यंतची वाट आपण बंद केली आहे.

राजहऱ्याचं हेमॅटाइट म्हणजे लोह आणि ऑक्सिजन. शुद्ध असेल तर वजनात लोह सुमारे ७० टक्के. त्यात प्रत्येक लोह-अणूभोवती सहा ऑक्सिजन असतात, किंचित वाकड्या अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर. भाचीने आपल्या सांगाड्याच्या मधोमध दोऱ्याने एक लाल मणी टांगला. तो लोह, कोपऱ्यांचे सांधे ऑक्सिजन. ते सहा ऑक्सिजन सुटावेत म्हणून झोतभट्टीत कोक जाळावा लागतो. गावाचं पोट ज्या अभिक्रियेवर चालतं, ती तिला हातात धरता आली.

प्रतिकृतीची एक मर्यादाही मुलांना सांगायला हवी. काड्यांचा स्फटिक आदर्श असतो, खाणीतला दगड तसा नसतो. त्याचे फलक लहानमोठे वाढतात, कोपरे झिजतात. बदलत नाही तो फलकांमधला कोन. आपल्याकडच्या नंदिनी खाणीतल्या चुनखडीचं मुख्य खनिज कॅल्साइट. त्याचा चांगला स्फटिक कितीही फोडा, तुकड्याच्या दोन फलकांमधला मोठा कोन १०५ अंशांच्या आसपासच भरतो; शाळेतला कोनमापक आणि पुठ्ठ्याची पट्टी एवढ्यावर तो मोजता येतो. म्हणून एका हातात प्रतिकृती आणि दुसऱ्या हातात दगड, अशी जोडीच हवी. पडद्यावर फिरणारी चित्रं, त्रिमितीय छपाई हे सगळं येऊ द्या. पण मुलाने स्वतः जोडलेल्या सांगाड्याची जागा ते घेणार नाही, कारण कुठला सांधा कशाला धरून ठेवतो, हे जोडतानाच कळतं.

माझी मागणी साधी आहे. खनिजशास्त्राच्या पहिल्या सत्रात सातही स्फटिक-प्रणालींची एकेक प्रतिकृती प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः करावी. प्रात्यक्षिक परीक्षेत जर्नलच्या आकृतीला असतात तेवढेच गुण ती प्रतिकृती हातात घेऊन समजावण्याला असावेत. कुलूपबंद कपाटातले नमुने टेबलावर यावेत. हाताळून एखादा टवका उडाला, तर उडू द्यावा. या सगळ्याला निधीची वाट पाहावी लागत नाही. काडेपेटी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि राजहऱ्याचा डोंगर तर आपल्या अंगणात आहे.

निघताना भाचीने अष्टफलक डब्यात घालून नेला. वर्गातल्या मैत्रिणींना आता ती विचारणार आहे, "दाखव बघू, तीन अक्ष कुठे आहेत?"