काचेतल्या समुद्राचा जमाखर्च

दादरला राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी, नोकरीच्या धबडग्यात पुष्कळ वर्षे मनातच राहिलेली एक हौस पुरी करावी म्हणून, सेवानिवृत्तीनंतर आपल्या दिवाणखान्यात दोनशे लिटरची काचेची टाकी बसविली, तीत खारे पाणी सिद्ध केले, जिवाणूंनी वसलेले ‘जिवंत’ खडक रचले आणि मऊ प्रवाळांच्या चार वसाहती व दोन लहान मासे आणून सोडले. दोन महिने सर्व यथास्थित चालले. तिसऱ्या महिन्यात खडकांवर हिरव्या केसाळ शेवाळाची लव धरली, काच धुरकट झाली, आणि ज्याच्याकडून मासे घेतले त्या दुकानदाराने सल्ला दिला की चाळीस गोगलगाई आणि डझनभर खेकडे सोडा, म्हणजे ते सगळे साफ करतील. त्याप्रमाणे ते सोडले. पंधरवड्यात काच लख्ख झाली; परंतु पुढच्या महिन्याभरात, खावयास काही न उरल्यामुळे, गोगलगाई एकामागून एक मरू लागल्या, काहींचा खेकड्यांनीच फडशा पाडला, त्यांची कलेवरे खडकांच्या सांदीकोपऱ्यांत कुजली, पाण्यात अमोनिया वाढला, प्रवाळांनी अंग आखडून घेतले, आणि शेवाळ पहिल्याहून दुप्पट जोमाने परतले. अशी टाकी मीही बरीच वर्षे सांभाळीत आलो असल्यामुळे त्यांनी मला खिन्नपणे विचारले, ‘‘मग हे प्राणी हवेत की नकोत?’’

माझे उत्तर असे की गोगलगाई अवश्य हव्यात, परंतु ज्या कामासाठी त्या विकल्या जातात त्या कामासाठी नव्हेत. आणि खेकड्यांवाचून, निदान लहान टाकीत, काहीही अडत नाही.

गोगलगाईचा आणि काचेच्या टाकीचा संबंध आजचा नाही. तो टाकीच्या जन्माइतकाच जुना आहे. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम करणारे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका मोठ्या काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती एकत्र ठेवून, परस्परांच्या श्वासोच्छ्वासावर दोघांचे जीवन चालते की काय, याचा प्रयोग आरंभिला, व त्याचा वृत्तांत 1850 साली प्रसिद्ध केला. वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, आणि प्रयोग फसतो की काय अशी स्थिती आली. तेव्हा त्यांनी डबक्यातल्या पाच-सहा गोगलगाई त्यात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि बुळबुळीत थर खाऊन टाकला, आणि त्यांनी घातलेली अंडी माशांचे खाद्य झाली. दोन मासे आणि पाच-सहा गोगलगाई, हे प्रमाण वाचकांनी ध्यानात ठेवावे. वॉरिंग्टन यांना गोगलगाय नोकर म्हणून नको होती. निसर्गाच्या साखळीतली एक कडी गळली होती ती त्यांना सापडली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1853 मध्ये, लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले.

प्रवाळाच्या बाबतीत तर ही कडी केवढी महत्त्वाची आहे, याचा पुरावा खुद्द समुद्रानेच दिलेला आहे. कॅरिबियन समुद्रातील प्रवाळभित्तींवर लांब काळ्या काट्यांचा डायडेमा नावाचा सी-अर्चिन विपुल असे आणि शेवाळ खरवडून खात असे. 1983 च्या जानेवारीत, पनामा कालव्याच्या कॅरिबियनकडील मुखाजवळ, या प्राण्यांत मृत्यूची साथ शिरली, आणि प्रवाहांबरोबर पसरत सुमारे वर्षभरात तिने त्या संपूर्ण समुद्रातील बहुतेक सर्व डायडेमा नष्ट केले. जमैकाच्या किनाऱ्यावर अतिरेकी मासेमारीमुळे शेवाळ खाणारे मासे अगोदरच विरळ झाले होते. त्यामुळे गवताळ रानातून सगळी गुरे एकदम नाहीशी व्हावीत तसे झाले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून अधिक तळ व्यापणारे जिवंत प्रवाळ, काही अंशी 1980 च्या चक्रीवादळामुळे आणि मुख्यतः या शेवाळाच्या आक्रमणामुळे, 1990 नंतरच्या काही वर्षांत पाच टक्क्यांच्याही खाली आले. म्हणून चरणारा प्राणी अनावश्यक आहे असे म्हणणाऱ्यांशी माझा पूर्ण मतभेद आहे. परंतु जमैकाचा दाखला नीट वाचला तर त्यात दुसरीही गोष्ट दिसते: एका जातीच्या जिवावर सगळा कारभार सोपविला की ती जात गेल्याबरोबर कारभारही बुडतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो निव्वळ हिशेबाचा आहे. माशांना घातलेल्या प्रत्येक चिमूटभर खाद्याबरोबर नत्र आणि फॉस्फरस टाकीत जमा होतात. मासा ते खातो, अमोनिया बाहेर टाकतो. जिवंत खडकांतले जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्या नायट्रेटवर आणि फॉस्फेटवर शेवाळ पोसते. गोगलगाय ते शेवाळ खाते, त्यातला थोडा अंश अंगी लावते आणि उरलेला विष्ठेच्या व अमोनियाच्या रूपाने त्याच पाण्यात परत करते. म्हणजे एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात वर्ग झाली. तिजोरीतून एक पैही बाहेर गेली नाही, आणि गोगलगाय मेली तर तिच्या अंगी लागलेलेही व्याजासकट जमेस येते. खऱ्या प्रवाळभित्तीवर हा प्रश्न असा उद्भवत नाही, कारण तेथे भरती-ओहोटी आणि प्रवाह अहोरात्र खर्चाची बाजू सांभाळतात. काचेच्या चार भिंतींत महासागराचे ते काम मुख्यतः मालकालाच करावे लागते: पाणी बदलणे, स्किमर नावाच्या यंत्राने फेसाबरोबर सेंद्रिय द्रव्य काढून घेणे, किंवा शेवाळ स्वतः उपटून बाहेर टाकणे, हेच खर्चाचे मुख्य मार्ग आहेत. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी 1980 च्या सुमारास आपल्या प्रवाळ-टाकीसाठी योजिलेली युक्ती मला या संदर्भात फार उद्बोधक वाटते. त्यांनी शेवाळाशी वैर धरलेच नाही. टाकीबाहेर एका जाळीवर प्रखर प्रकाशात ते मुद्दाम वाढविले आणि ठराविक दिवसांनी खरवडून काढून टाकले. जे शेवाळ आपण शत्रू समजतो तेच येथे वसुली करणारे ठरले, आणि वसूल झालेली रक्कम प्रत्यक्ष दाराबाहेर गेली.

साफसफाईचे प्राणी घाऊक विकण्याच्या प्रघाताला माझा आक्षेप यासाठीच आहे. इतक्या लिटरला एक गोगलगाय, असे जे कोष्टक सर्रास सांगितले जाते त्याला बूडच नाही, कारण गोगलगाय पाणी खात नाही, शेवाळ खाते, आणि नव्या टाकीतल्या शेवाळावर चाळीस जिवांचे पोट महिनाभरही चालत नाही. शिवाय ‘गोगलगाय’ या एका शब्दाखाली किती भिन्न प्रकृतीचे जीव विकले जातात! अस्ट्रिया उताणी पडली तर बहुधा स्वतःहून सुलटी होऊ शकत नाही आणि तशीच मरते. मार्गारिटा ही उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या थंड पाण्यातली. पंचवीस-सव्वीस अंशांच्या टाकीत तिला ठेवणे म्हणजे तिचा सावकाश अंत पाहणे होय. नॅसॅरियस दिवसभर वाळूत दडून फक्त आपली सोंड वर ठेवते आणि मांसाच्या वासाला धावून येते. शेवाळाशी तिला कर्तव्यच नाही. त्या मानाने लहान जातीची ट्रोकस गरीब आणि चिवट. ती पडली तर उठते आणि कित्येकदा टाकीतच तिची वीणही वाढते.

खेकड्यांचे प्रकरण निराळे आहे. आपल्या कोकणच्या आणि मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी चालणाऱ्याला रिकाम्या शंखात घर करून राहणारे हर्मिट खेकडे पदोपदी दिसतात. त्यांचा मागचा भाग मऊ आणि उघडा असल्यामुळे शंख हीच त्यांची ढाल असते, आणि देह वाढला की त्यांना मोठा शंख शोधावा लागतो. टाकीत रिकामा शंख न मिळाल्यास ते भरलेला शंख रिकामा करतात, म्हणजेच गोगलगाईला मारतात. बुडबुड्यांसारखे शेवाळ खातो म्हणून नावाजलेला हिरवा एमराल्ड खेकडाही उपाशी राहिला की प्रवाळाला आणि निजलेल्या माशाला नांगी लावण्यास कचरत नाही. आपल्या इतिहासात तैनाती फौजेचा जो अनुभव संस्थानिकांना आला तोच येथे येतो: रक्षणासाठी ठेवलेल्या फौजेचा खर्च भागेनासा झाला की ती मुलखावरच हात टाकते. खेकडा दुष्ट नव्हे. तो जे मिळेल ते खाणारा प्राणी आहे आणि तसेच वागतो. त्याच्याकडून माळ्याच्या कामाची अपेक्षा करणे ही चूक आपली.

टाकीसाठी समुद्रातून जीव उचलून आणण्याबाबत येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. भित्ती बांधणारे कठीण प्रवाळ हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांची पायरी वाघाच्या बरोबरीची आहे. ट्रोकस निलोटिकस हा मोठा शंखही संरक्षित आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यात पाण्याखाली डोके घालून प्रवाळ पाहताना कोणाच्या मनात एखादा तुकडा, एखादा शंख, घरच्या टाकीसाठी उचलण्याचा मोह आला तर त्याने हे स्मरावे. माझा आग्रह याहूनही थोडा पुढे जातो: जे जीव कायद्याने संरक्षित नाहीत, आणि ज्यांची किंमत चहाच्या कपाइतकी आहे, त्यांच्याही मरणाची जबाबदारी विकत घेणाऱ्यावर असते. माशाचा आजार आपण रात्री जागून पाहतो आणि त्याच टाकीत मेलेल्या बारा गोगलगाई मोजीतसुद्धा नाही, हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

स्नेह्यांना मी सांगितले ते एवढेच. खाद्य निम्मे करा. दिवे थोडा वेळ कमी लावा. खडकांवरचे लांब शेवाळ हाताने उपटा. दर आठवड्याला वीस लिटर पाणी बदला. आणि शेवाळ आटोक्यात आल्यावर, अगोदर नव्हे, चार ट्रोकस आणा. पुढची काच रोज पुसा, परंतु मागची काच त्यांच्यासाठी राखून ठेवा.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. गेल्या आठवड्यात संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मागच्या काचेवरच्या पातळ हिरव्या थरात, नांगरटीसारख्या बारीक नागमोडी रेघा उमटलेल्या होत्या, आणि रेघेच्या टोकाशी एक ट्रोकस, आपली दातेरी जीभ काचेवर टेकवीत, हळूहळू पुढे सरकत होती. मी वाकून ते पाहत असताना स्नेही नळी आणि बादली घेऊन आले, मला बाजूला व्हावयास सांगितले, आणि त्या आठवड्याचे वीस लिटर पाणी उपसून, दोन खेपांत, मोरीत नेऊन ओतले.