आधी वाळूची पोती, मग उड्डाण

किनवटहून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. तिथल्या फुलसावंगीत ऑगस्ट 2021 मध्ये स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत एका तरुणाचा जीव गेला. अशा हातांना बंदी नको, चाचणीची सोय हवी. उदाहरणार्थ, घरी बांधलेल्या विमानाचा पंख उलटा बसवून त्यावर वाळूची पोती रचतात, बुडाशी जास्त, टोकाकडे कमी. साध्या विमानाला वजनाच्या 3.8 पट भार, त्यावर दीडपट सुरक्षा, म्हणजे 5.7 पट, तो 3 सेकंद पेलायलाच हवा. यात पंख वाया जातो, हा आक्षेप अर्धाच खरा: 3.8 पटीपर्यंत चांगला पंख कायमचा वाकत नाही. सोय दिली तर धाडस वाढेल, असेही म्हणतील. पण धाडस सोयीची वाट पाहत नाही. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेने ही चाचणी गावोगावच्या कारागिरांसाठी खुली करावी.