‘घर खाली करा’ म्हणा, पण कागदावर

परभणी असो, जिंतूर असो की गंगाखेड. आपल्याकडे घर किरायानं देणं-घेणं बहुतेक तोंडीच चालतं. ‘तुम्ही कुठले? नोकरी कुठं? माणसं किती?’ एवढी चौकशी झाली, महिन्याचा किराया आगाऊ हातात पडला, की चावी दिली. यात माणुसकी आहे, नाही असं नाही. पण घर सोडायची वेळ आली की हाच तोंडी व्यवहार दोन्हीकडच्या बाईच्या अंगाशी येतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की घर खाली करण्याची नोटीस म्हणजे भांडणाची सुरुवात नव्हे. भांडण टाळण्याचा तो सभ्य मार्ग आहे.

दोन्हीकडची बाई का म्हटलं ते सांगते. पतीमागे दोन खोल्यांच्या किरायावर घर चालवणाऱ्या कितीतरी जणी मी कामाच्या निमित्तानं पाहते. किरायदार पैसे थकवतो, ही बाई रोज दारातून बोलून दमते. मग भाऊबंद सल्ला देतात, ‘लाईट तोडा, कुलूप लावा.’ दुसरीकडे नवरा पुण्याला कामाला, लेकरं इथल्या शाळेत, आणि घरमालक येऊन म्हणतो, ‘आठ दिवसांत खोली रिकामी पाहिजे.’ परीक्षा तोंडावर आणि सामान रस्त्यावर! दोघींच्याही हातात कागदाचा चिटोरा नसतो.

मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हा 1954 साली तिथं घरभाड्याचा वेगळा कायदा झाला होता. तो जाऊन 31 मार्च 2000 पासून राज्यभरासाठी ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999’ आला. करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय असा करार नसेल, तर अटींबद्दल किरायदार सांगेल तेच खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. तेव्हा घरमालकीण बायांनो, ‘कशाला खर्च करायचा’ म्हणून टाळू नका.

आता नोटीस. किराया थकला असेल तर आधी लेखी मागणी करावी लागते आणि त्यानंतर 90 दिवस थांबावं लागतं. मगच त्यासाठी घर खाली करण्याचा दावा लावता येतो. घर स्वतःला हवं असेल तर गरज खरी असावी लागते आणि अडचण कोणाची मोठी, हे कोर्ट तोलून पाहतं. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार असेल तर त्यात लिहिलेली मुदत पाळायची. ज्या गावाला भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, तिथं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे महिन्याच्या किरायाला 15 दिवसांची नोटीस लागते. आपलं गाव कशात बसतं, ते वकिलाला विचारून घ्यावं.

भाडे नियंत्रण कायद्याखालच्या दाव्याआधी 1882 च्या कायद्यातली ही नोटीस द्यायलाच हवी असं नाही, असं सुप्रीम कोर्टानं 1979 मध्ये म्हटलं आहे. तरी मी म्हणेन, द्याच. समोरच्या घरातही चूल पेटते, तिला दुसरं घर शोधायला वेळ लागतो.

नोटिशीत अवघड काही नसतं. कोण कोणाला देतंय, खोली कोणती, कधीपासून दिली, किराया किती, कुठल्या महिन्यापर्यंत मिळाला, खाली का हवी, कोणत्या तारखेपर्यंत हवी आणि अनामत रक्कम परत कधी देणार. खाली तारीख आणि सही. शिव्या नकोत, धमकी नको, शेजाऱ्यांच्या तक्रारी नकोत. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. आपण ज्याला रजिस्टर ए. डी. म्हणायचो ती रजिस्टर पोस्टाची सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. तेव्हा पोस्टात ‘पोचपावतीसह पाठवायचंय’ असं सांगा आणि पावती जपून ठेवा.

आणि जिच्या हातात नोटीस पडली तिनं घाबरू नये. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. ती घ्यायची नाकारूही नये. नाकारली तरी मिळाली असंच सहसा धरतात. दर महिन्याला किरायाची पावती मागा, ती देणं मालकावर बंधनकारक आहे. सबळ कारणाशिवाय पाणी-लाईट तोडता येत नाही. किरायदार नवरा वारला, तर त्याच्यासोबत त्या घरात राहणाऱ्या बायकोचा हक्क कायदा मानतो.

सगळ्यात बिकट अवस्था टाकलेल्या बाईची. नवरा निघून जातो, जाताना मालकाला सांगतो, ‘मला घर नको.’ तिला कोणी विचारतच नाही! पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार किरायाचं घरही तिचं सामायिक घर ठरतं. छळ झालेल्या बाईसाठी दुसऱ्या घराची सोय कर किंवा किराया भर, असा आदेश कोर्ट नवऱ्याला देऊ शकतं. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं म्हटलं, की किरायदार नवऱ्यानं टाकलेली बायको, तो स्वतः दावा लढत नसेल तर, त्याच्या जागी उभी राहून लढू शकते. मात्र किराया भरायची तयारी हवी. घटस्फोटानंतर हा हक्क आपोआप राहत नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणून सही करण्याआधी राहत्या घराचं काय, ते लिहून घ्या.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्यानं महिलांना तिथं मोफत मदत मिळते, उत्पन्न कितीही असो.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी घर घ्याल किंवा द्याल, तेव्हा करारात आपलंही नाव घाला आणि सही करण्याआधी कागद वाचा. घर आवरतो आपण, सारवतो आपण. मग त्याच्या कागदावर नाव फक्त घरधन्याचंच का?