स्कूटरचा वेग कुणी दडवून ठेवला नव्हता

१/ जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरविषयी एक समज गॅरेजच्या बाकड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. कंपनीने इंजिनाचा गळा मुद्दाम आवळून ठेवला होता. सायलेन्सर आतून मोकळा करावा, पोर्ट कानशीने रुंद करावेत, हेड घासून घ्यावे, की गाडी ‘खुलते’ आणि दडवलेला वेग बाहेर येतो. आता हाच समज चित्रफितींच्या रूपाने नव्या पिढीपर्यंत पोहोचला आहे. तो इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. हा धागा त्याच्या खंडनासाठी.

२/ आरंभ १९४६ पासून करावा लागतो. इटलीतील पियाज्जिओ कंपनीसाठी कोर्रादिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याने ९८ सीसीची व्हेस्पा रचली. युद्धाने मोडलेल्या देशात, खराब रस्त्यांवर, कपडे न मळवता आणि कमी इंधनात माणसाला कामावर पोहोचवणे हे तिचे प्रयोजन होते. इंजिन झाकलेले, चाके आठ इंचांची, थंडावा पंख्याच्या वाऱ्याचा. वेगापेक्षा भरवसा मोठा मानून केलेली ही निवड होती. तिला कपट म्हणणे म्हणजे बैलगाडीने शर्यतीचा घोडा लपवला असे म्हणणे होय.

३/ पण मग वेग नकोच होता का? हवा होता, आणि तो जाहीरपणे मिळवलाही गेला. फेब्रुवारी १९५१ मध्ये दिनो माझ्झोनचिनी याने रोम-ओस्तिया मार्गावर १२५ सीसीच्या व्हेस्पावर ताशी १७१ किलोमीटरचा विक्रम केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रतिस्पर्धी लॅम्ब्रेटाच्या १२५ सीसी वाहनावर रोमोलो फेर्री याने जर्मनीतील म्युनिक-इंगोलश्टाट महामार्गावर ताशी २०१ किलोमीटर गाठले.

४/ हे आकडे दाखवून ‘बघा, वेग आतच होता’ असे म्हणणारे त्या वाहनांची रचना मात्र सांगत नाहीत. विक्रमी व्हेस्पाच्या इंजिनात समोरासमोर सरकणारे दोन पिस्टन होते आणि वाहनाला पाणतीरासारखे बंद कवच होते. फेर्रीच्या लॅम्ब्रेटात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर होता. नेहमीच्या स्कूटरमधले फारच थोडे त्यांत उरले होते. दुकानातल्या गाडीचा सायलेन्सर फोडून कोणीही हा विक्रम केलेला नाही.

५/ ग्राहकालाही कंपन्यांनी वेग विकला. १९५५ ची व्हेस्पा जीएस १५० ताशी सुमारे १०० किलोमीटरपर्यंत जाई. परंतु तिच्यासोबत चार गियर आले आणि आठ इंचांच्या जागी दहा इंचांची चाके आली. १९६२ मध्ये लॅम्ब्रेटाच्या टीव्ही १७५ ला पुढच्या चाकावर डिस्क ब्रेक मिळाला. निर्मात्यांनी वेग वाढवला तेव्हा चाक आणि ब्रेकही वाढवले. गल्लीतल्या ‘ट्यूनिंग’मध्ये नेमका हाच अर्धा भाग गळतो.

६/ आता खुद्द इंजिनाकडे. टू-स्ट्रोक इंजिनात जळका धूर बाहेर जाणे आणि ताजे मिश्रण आत येणे ही कामे जवळजवळ एकाच वेळी, सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्यांतून चालतात. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग धुराबरोबर निसटतो. १९२० च्या दशकात जर्मनीच्या आडोल्फ श्न्यूर्ले याने मिश्रणाचे झोत सिलिंडरमध्ये वळसा घेतील अशी पोर्टची मांडणी शोधली आणि ही गळती बरीच आवरली. म्हणजे पोर्ट हे नुसते भोक नव्हे. त्याची उंची, तिरकेपणा आणि दिशा यांना अर्थ आहे. कानस दिशा जाणत नाही.

७/ उरलेली गळती रोखण्याचे काम एक्झॉस्ट नळीकडे येते. पोर्ट उघडताच दाबाची लाट नळीतून धावते. नळी रुंदावत गेली की मागे ओढ निर्माण होते आणि ताजे मिश्रण आत खेचले जाते. पुढे नळी निमुळती झाली की लाट परतते आणि निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. मात्र ती पोर्ट बंद होण्याच्या क्षणीच पोहोचली पाहिजे. लवकर आली तरी व्यर्थ, उशिरा आली तरी व्यर्थ.

८/ हिशेब साधा आहे. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर अर्धा फेरा सेकंदाच्या दोनशेव्या भागात संपतो. तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर तेवढ्यात लाट अडीच मीटर धावते. म्हणजे जाऊन परतण्यासाठी नळीची लांबी सव्वा मीटरच्या आसपास लागते. फेरे दुप्पट केले की ही लांबी निम्मी होते. एकच नळी सर्व फेऱ्यांना जुळत नाही. सायलेन्सरच्या पोटात सळई खुपसणाऱ्याला यातले काय साधते?

९/ हे शास्त्र खऱ्या अर्थाने हाती आणले ते पूर्व जर्मनीच्या वाल्टर काडेन यांनी. १९५३ पासून त्शोपाऊ येथील कारखान्याच्या शर्यत विभागाची सूत्रे त्यांच्याकडे होती. साधने तुटपुंजी, पैसा अपुरा. चकतीची झडप, लाट परतवणारी फुगीर नळी आणि मिश्रणासाठी जादा पोर्ट या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळवत त्यांनी १९६१ पर्यंत एमझेडच्या १२५ सीसी इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. प्रतिलिटर २०० अश्वशक्तीचा हा टप्पा तोवर सुपरचार्जरविना कोणी ओलांडला नव्हता.

१०/ या ज्ञानाची किंमत काय होती? सप्टेंबर १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला असताना, एमझेडचा अव्वल स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला. त्याच्या कुटुंबाला मोटारीत लपवून सीमेपार आणले गेले. डेग्नर जपानच्या सुझुकीकडे गेला आणि १९६२ मध्ये त्याने सुझुकीवर ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. रहस्य भोक मोठे करण्याइतकेच असते, तर सुझुकीला डेग्नरची गरज पडली नसती.

११/ त्या २५ अश्वशक्तीचे मोलही पाहावे. ती मिनिटाला १०,८०० फेऱ्यांच्या आसपास मिळे आणि खाली उतरताच ओढ नाहीशी होई. असे इंजिन मागे पत्नी, पुढे मूल आणि पायाशी भाजीची पिशवी घेऊन चढ चढणाऱ्या माणसाच्या कामाचे नाही. आकुर्डीत बनलेल्या चेतकच्या १४५ सीसीतून साडेसात अश्वशक्तीच्या आसपास ताकद मिळे, ती कमी फेऱ्यांवर मिळे, आणि त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर मिळे. आठ-दहा वर्षे नंबर लागण्याची वाट पाहून घेतलेली गाडी पुढे वीस वर्षे चालावी, ही मागणी त्या रचनेने पुरी केली.

१२/ येथे एक प्रामाणिक आक्षेप उठतो: सायलेन्सर मोकळा केल्यावर गाडी पळते, हा अनुभव खोटा कसा? अनुभव खोटा नाही. निष्कर्ष खोटा आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल जळून सायलेन्सरात आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये कार्बन साचतो. वर्षानुवर्षांचा कार्बन वाट अडवतो आणि गाडी मरगळते. भोक पाडले की धुराला दुसरी वाट मिळते. गाडीला परत मिळतो तो तिचाच मूळ वेग, आणि तोही सगळा नाही. कार्बन काढला असता तर तो भोकाविनाच मिळाला असता.

१३/ भर पडते ती आवाजाची. आवाज वाढला की वेग वाढल्याचा भास होतो, आणि हलणाऱ्या जुन्या काट्याच्या स्पीडोमीटरवर त्याची साक्ष सहज निघते. वेग मोजायचा तर ठरलेले अंतर आणि घड्याळ घ्यावे. असे मोजमाप न करता केलेला प्रत्येक दावा गप्पांत जमा धरावा.

१४/ नुकसान मात्र भासाचे नसते. धुराची वाट बदलली की हवा-पेट्रोलचे प्रमाण बदलते. त्याप्रमाणे जेट बदलला नाही तर मिश्रण पातळ राहू शकते आणि ज्वलन अधिक तापते. हेड घासून दाब वाढवला की उष्णता आणखी चढते. मग पिस्टन फुगून सिलिंडरला पकडतो, म्हणजे सीझ होतो. हे भर वेगात घडले की मागचे चाक जागीच अडकते आणि क्लच दाबायला क्षणाचाही अवधी मिळत नाही. ‘खुललेल्या’ गाडीच्या चित्रफितीत हा क्षण कधी दिसत नाही.

१५/ या टीकेचा रोख मिस्त्रींवर आहे असे कोणी समजू नये. जाणत्या मिस्त्रीचा क्रम ठरलेला असतो. आधी पिस्टन-रिंग आणि दाब तपासायचा. क्रँकचे ऑइल सील हवा ओढत नाहीत ना ते पाहायचे, कारण तिथून शिरणारी हवाही मिश्रण पातळ करते. मग पॉइंट आणि टायमिंग, मग कार्ब्युरेटर, मग सायलेन्सरचा कार्बन, क्लच प्लेट, ब्रेक, टायर. एवढे झाल्यावर बहुतेक मालकांना ट्यूनिंगची गरजच उरत नाही. हे काम संथ आहे, त्यात चमत्कार नाही, म्हणून त्याची चित्रफीत निघत नाही.

१६/ ट्यूनिंग करूच नये, असाही याचा अर्थ नाही. इटली आणि ब्रिटनमध्ये जुन्या स्कूटरच्या शर्यती होतात. लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री १९७० च्या दशकात लखनौच्या स्कूटर्स इंडियाकडे आली, त्यामुळे तिथल्या कित्येक ट्यूनरांच्या हातात भारतीय बनावटीचे भाग आले. हे लोक पोर्टची उंची अंशांत मोजतात, नळी फेऱ्यांशी जुळवतात, जेट बदलतात, ब्रेक सुधारतात. ते गाडीला एक संपूर्ण यंत्र मानतात आणि एक भाग बदलला की त्याच्याशी बांधलेला दुसरा भाग तपासतात.

१७/ आज चेतकचे मूळ सिलिंडर आणि केसिंग नव्याने बनत नाहीत. कानशीने पोर्टचा एक मिलिमीटर गेला की तो परत येत नाही. वडिलांची किंवा आजोबांची गाडी कोणी मिस्त्रीकडे ‘जरा पळती करून द्या’ म्हणून नेली, तर एवढेच विचारावे: तिच्यात काय बिघडले आहे, हे आधी पाहिले का? उत्तर नाही असेल, तर कानस खाली ठेवायला सांगावे.

(धागा समाप्त)