खेळांतलें मरण आणि झांकलेला फांसा

खेळांतल्या मरणाला सुतक कसलें, असा सवाल आमचे एक विद्वान् स्नेही गेल्या पंधरवड्यांत आमच्याच दिवाणखान्यांत बसून आम्हांला करून गेले. प्रसंग असा कीं, आमची कन्या त्या रात्रीं जेवली नव्हती, आणि तिच्या न जेवण्याचें कारण ऐकून आमच्या स्नेह्यांना हंसूं आवरेना. वामनभट गेला होता. हा वामनभट आमचा आप्त नव्हे कीं शेजारी नव्हे. तो एका खेळांतला बुटका पुरोहित होता, आणि त्याची सारी मिळकत म्हणजे पेन्सिलीनें भरलेला एक कागद. "एक कागद गेला, दुसरा घ्या!" असा निकाल देऊन आमच्या स्नेह्यांनीं चहा मागितला. चहा आम्हीं दिला. निकाल मात्र आम्हांला मान्य नाहीं.

हा खेळ आमच्या कांहीं वाचकांच्या घरांत मुलांनीं आणलाही असेल. ज्यांच्या घरीं तो आला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हें त्याचें नांव. १९७४ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत लेक जिनीव्हा या गांवीं तो प्रथम प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चारपांच जणांनीं मेजाभोंवतीं बसावें. प्रत्येकानें एकेक पात्र घ्यावें, कोणी योद्धा व्हावें, कोणी जादूगार, कोणी चोर. एकानें सूत्रधार होऊन भोंवतालच्या जगाचा, त्यांतल्या राक्षसांचा व वाटसरूंचा भार वाहावा. आणि जेथें यश कीं अपयश असा प्रश्न पडेल तेथें फांसा टाकावा. शेवटीं कोणी जिंकत नाहीं. गोष्ट बोलतां बोलतां घडत जाते आणि ती महिनोन् महिने चालते.

या खेळाचा जन्म युद्धाच्या खेळांतून झाला, ही गोष्ट आमच्या वादाला फार महत्त्वाची आहे. युद्धाच्या खेळांत गडी हा सेनापति असतो. त्याचे वीस शिपाई पडले तर तो वीस बाहुल्या उचलून डब्यांत टाकतो आणि पुढची चाल करतो. आर्नेसननें आपल्या 'ब्लॅकमूर'च्या डावांत प्रत्येकाच्या हातीं सैन्य न देतां एकच माणूस दिला. येथेंच सगळें पालटलें. ज्याच्यापाशीं एकच माणूस आहे त्याला डब्याची सोय उरत नाहीं.

आरंभीं मात्र जुनी संवय सुटली नव्हती व मरण स्वस्त होतें. १९७८ च्या नियमपुस्तकांत नवख्या जादूगाराचे प्राण चार बाजूंच्या एका फांशावर मोजले जात, आणि साध्या लांब तलवारीचा घाव आठ बाजूंच्या फांशावर. पुढचा हिशेब वाचकांनींच करावा. त्याच वर्षीं छापलेलें गायगॅक्सचें 'टूम ऑफ हॉरर्स' हें थडगें तर मुरलेल्या गड्यांचीं पात्रें गिळण्यासाठींच बांधलेलें होतें. 'ट्रॅव्हलर' या १९७७ च्या खेळांत पात्र तयार होतां होतांच मरूं शके. आणि 'पॅरानोया' या १९८४ च्या खेळांत प्रत्येकाला एकाच सांच्याचे सहा देह मिळत, म्हणजे एक पडला कीं दुसरा हजर. पुढें नियम मऊ झाले. २०१४ च्या आवृत्तीत प्राण शून्यावर आलेलें पात्र लगेच मरत नाहीं. वीस बाजूंचा फांसा टाकीत राहावयाचें, दहाच्या खालीं पडलें तर अपयश, आणि तीन यशांच्या आधीं तीन अपयशें भरलीं कीं संपलें. त्यावरही, मरून दहा दिवसांहून अधिक झाले नसतील तर पांचशें सुवर्णमुद्रांचा हिरा खर्चून पुरोहिताला प्रेत उठवितां येतें. दहा दिवसांची ही मुदत ऐकून आमच्या मातोश्रींना दहाव्याच्या पिंडाची व कावळ्याची आठवण झाली. वामनभटाच्या सोबत्यांपाशीं तसला हिरा नव्हता, आणि असता तरी तो उठविण्याची विद्या त्यांच्यांत एकट्या वामनभटालाच येत होती.

आतां आमच्या स्नेह्यांकडे वळूं. कागदासाठीं रडणें हें त्यांना हास्यास्पद वाटतें. पण 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आला तेव्हांपासून किती पिढ्यांनीं सिंधूसाठीं डोळे पुसले, आणि पुसणारांत आमचे स्नेही स्वतः होते, हें आम्हीं शेजारच्या खुर्चीवरून पाहिलें आहे. सिंधू ही तरी कागदाहून निराळी कोण? १८९३ मध्यें कॉनन डॉइलनें शेरलॉक होम्सला धबधब्यांत लोटलें तेव्हां वाचक खवळले, आणि १९०३ मध्यें लेखकाला तो परत आणावा लागला. त्या वाचकांना आमचे स्नेही रसिक म्हणतात. मग रसिकता वाचकाच्या वांट्याला आणि पोरकटपणा खेळणाऱ्याच्या वांट्याला, ही वांटणी कोणत्या न्यायानें? खेळणाऱ्याचें दुःख तर अधिक खोल असावयास पाहिजे. सिंधूचें मरण प्रेक्षक थांबवूं शकत नाहीं. तो नुसता बघतो. वामनभटानें तें दार उघडावें कीं न उघडावें हें आमच्या मुलीनेंच ठरविलें होतें. तिच्या रडण्यांत "मीच तें दार उघडलें" हा एक शब्द होता, तो कोणत्याही नाटकगृहांत ऐकूं येत नाहीं.

आणखी एक गोष्ट स्नेह्यांना ठाऊक नव्हती. वामनभटापाशीं तपकिरीची डबी असे. चिमूट घेऊन डोळे मिटणें, आणि कोणी घाई केली कीं "बघूं, बघूं" म्हणून वेळ काढणें, हें सारें आमच्या तीर्थरूपांचें होतें. ते गेले तेव्हां मुलगी परीक्षेसाठीं परगांवीं होती. शेवटचा पेपर होईपर्यंत आम्हीं तिला कळविलें नाहीं. तेव्हां तें शहाणपण वाटलें होतें.

येथवरचा वाद हलका. खरा वाद पुढेंच आहे. दुसऱ्या दिवशीं तिच्या डावाचा सूत्रधार, हा आमचाच एक विद्यार्थी, समाधानाला आला. मुलगा गुणी व हळवा. तो म्हणाला, "ताई, मीं त्याला दोनदां वांचविलें होतें. पुलावर फांसा वाईट पडला होता. मीं पडद्याआड निराळा आंकडा वाचला. या खेपेला फांसा सगळ्यांसमोर पडला, माझा नाइलाज झाला." त्याला वाटलें, हें ऐकून तिला बरें वाटेल. ती कितीतरी वेळ बोललीच नाहीं. मग म्हणाली, "म्हणजे पुलावर तो टिकला नव्हताच?"

पुलावरचा तो प्रसंग आम्हीं स्वतः इतक्या वेळां ऐकला होता कीं तो पाठ झाला होता. एकटा वामनभट पूल अडवून उभा, मागें सोबती जखमी, आणि तो पहांटेपर्यंत हटला नाहीं. दीड वर्षाच्या खेळांतला तो तिचा ठेवा होता. मरणानें तो ठेवा तिच्यापासून नेला नव्हता. सूत्रधाराच्या दयेनें नेला.

आमचें म्हणणें नेमकें हें आहे, आणि तें एका मराठमोळ्या खेळावरून चांगलें कळेल. हुतूतूचे तीन प्रकार आमच्या पिढीला ठाऊक आहेत. संजीवनींत प्रतिपक्षाचा गडी मारला कीं आपला मेलेला उठतो. गामिनींत सगळा पक्ष बाद होईपर्यंत मेलेल्यानें बाहेरच बसावयाचें. अमर प्रकारांत कोणी बाहेर जातच नाहीं, नुसते गुण मोजतात. तिन्ही खेळ प्रामाणिक आहेत. त्याचप्रमाणें एखाद्या मंडळीनें पहिल्याच बैठकींत ठरविलें कीं आमच्या गोष्टींत गड्याच्या संमतीवांचून पात्र मरणार नाहीं, तर त्यांना भ्याड म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. ज्यांनीं घरांत नुकतीच प्रेतें पाहिलीं त्यांनीं सुटीच्या दिवशीं तरी तें कां पाहावें? आमचा आक्षेप आहे तो गामिनीचा पुकारा करून चोरून अमर खेळण्यावर.

यावर सूत्रधारांची बाजू आम्हीं ऐकली आहे. ते म्हणतात, दीड वर्ष जपलेलें पात्र एखाद्या क्षुद्र पिशाच्चाच्या भाल्यानें, निव्वळ फांशाच्या लहरीनें मरावें, यांत कथेची शोभा काय? शोभा नसेल तर तेथें फांसा टाकूं नये, हें त्याचें उत्तर. सूत्रधाराला तेवढी सत्ता आहे: शत्रूनें कैद करावें, हात तोडावा, शस्त्र हिरावून न्यावें. पण एकदां फांसा हातांत घेतला म्हणजे त्याचें ऐकण्याचें वचन दिलें. वचन देऊन पडद्याआड तें मोडणें याला ते दया म्हणतात. असल्या दयेचा आम्हांला अनुभव आहे, म्हणूनच इतक्या तीव्रतेनें लिहीत आहों. ज्याच्यावर ती केली जाते त्याला लहान मूल ठरविल्याशिवाय ती करतांच येत नाहीं. आणि पुढें त्याला कळतें.

मरण टाळण्यासाठीं जेवढी बुद्धि खर्च होते तिचा चौथा हिस्सा तें नीट पार पाडण्याकडे लागला तर बरें होईल. २०१५ च्या 'टेन कँडल्स' या खेळांत दहा मेणबत्त्या लावून बसतात. शेवटची विझली कीं सर्व पात्रें मरणार, हें गड्यांना आरंभींच माहीत असतें. पात्रांनीं सुरुवातीस बोलून ठेवलेले निरोप मुद्रित केलेले असतात, ते शेवटीं अंधारांत ऐकवितात. ज्यानें हें योजिलें त्याला उत्तरक्रिया समजली होती. उलट पुष्कळ मेजांवर पात्र पडतांच गड्याच्या पुढ्यांत कोरा कागद सरकवितात, आणि तो रात्रभर नवें नांव शोधीत, सोबत्यांच्या लढाईकडे पाहात बसतो.

आमच्या विद्यार्थ्यानें चूक कबूल केली, आणि पुढच्या रविवारीं खेळ झाला नाहीं. त्याऐवजीं वामनभटाच्या सोबत्यांनीं त्याला पुलापाशीं नेऊन पुरलें. पुलाचें काय करावयाचें यावर बराच वाद झाला. शेवटीं मुलगीच म्हणाली कीं, पुलावर तो पडला होता असें समजावें, आणि पुढचे सात महिने उसने. उसन्या महिन्यांत त्यानें कोणाकोणाला बरें केलें तें प्रत्येकानें सांगावें. तें रात्रीं अकरापर्यंत चाललें. आम्ही आंतल्या खोलींत उत्तरपत्रिका तपाशीत होतों. त्या रात्रीं फार थोड्या तपासून झाल्या.

नंतर तिनें आम्हांला आजोबांच्या शेवटच्या दिवसांविषयीं विचारलें, आणि या खेपेला आम्हीं सगळें सांगितलें.

आतां ती एका चोराचें पात्र घेऊन खेळते. तपकिरीची डबी त्यानेंच थडग्यांतून चोरली आहे. आमचे स्नेही काल पुन्हां आले होते. चहा घेतांना त्यांनीं सहज विचारल्यासारखें विचारलें, त्या डबींत तपकीर अजून शिल्लक आहे काय?