साठीनंतरची छोटी गाडी आणि परिग्रहाचं परिमाण



गेल्या दिवाळीत आमच्या दारात छोटी नवी गाडी आली. माझ्या नावावर, माझ्या ठेवीच्या पैशांतून, आणि चालवणारीही मीच. उपाश्रयात अभिनंदनापेक्षा प्रश्नच जास्त आले. "आता या वयात गाडी कशाला? आता धर्मध्यान करायचे दिवस." विचारणाऱ्या सगळ्या आपल्याच, प्रेमाने विचारणाऱ्या. म्हणून उत्तर नीट द्यावंसं वाटलं.

पहिला मुद्दा परिग्रहाचा. आपलं पाचवं अणुव्रत आहे परिग्रह परिमाणाचं. साधू-साध्वींना संपूर्ण त्याग, श्रावक-श्राविकांना मर्यादा. रोज सकाळी धारायच्या चौदा नियमांत सचित्त, द्रव्य, विगई यांच्या जोडीला ‘वाहन’ही आहेच. आज कशात बसायचं, किती वेळा बसायचं, ते आधी ठरवायचं. म्हणजे गृहस्थाच्या घरी वाहन असेल हे धरूनच नियम सांगितला आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली उभी करणारे वालचंद हिराचंद सोलापूरच्या जैन घरातलेच. आपल्या घरांतून गाड्या पूर्वीपासून आहेत. फक्त आपण बायका मागच्या सीटवर डबे सांभाळत बसत आलो.

मोठी का नाही घेतली? मी कॉमर्सची, त्यामुळे आधी वही काढली. गाडी ही गुंतवणूक नव्हे. शोरूमबाहेर पडली की घसारा सुरू. म्हणून गरजेपुरतीच घ्यावी. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, वरचा सेसही गेला. महाडच्या बाजारपेठेत वळवायला छोटीच बरी. घरात माणसं दोन. सात सीट कोणासाठी?

आता आनंदाचं. तो लपवण्यात काय अर्थ? पोलादपूरला माझी मोठी बहीण एकटी असते. आमच्या ह्यांची नजर कमी झाल्यापासून तिच्याकडे जायचं म्हणजे कोणाला वेळ आहे, कोण त्या बाजूला चाललंय, हे विचारण्यातच सकाळ जायची. गरजेला लोक नाही म्हणत नाहीत, पण प्रत्येक वेळी आपला आवाज थोडा खाली येतो. आता भाकरी, मुगाचं वरण डब्यात भरते आणि निघते. क्लच नाही, गिअरची खटपट नाही. हायवेला लागलं की सावित्री कधी दिसते, कधी झाडांमागे जाते. ताईबरोबर जेवून, तिची औषधं लावून, सूर्यास्ताआधी चौविहाराला घरी परत. दिवसभरात कोणाचे उपकार घेतले नाहीत, या समाधानाला मी आसक्ती म्हणणार नाही.

आसक्ती ओळखायची खूण वेगळी आहे. दुसऱ्याच महिन्यात भाजीबाजारात कोणाच्या तरी मोटारसायकलने दारावर ओरखडा काढला. वाईट वाटलं. मग भाजी घेतली आणि घरी आले. त्या ओरखड्याने झोप उडाली असती, तर गाडी माझी नसून मी गाडीची झाले असते.

खरा कठीण प्रश्न हिंसेचा आहे. गाडीखाली, काचेवर जीव जातात. पेट्रोल जळतं. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, जयणा तेवढी आहे. पावसाळ्यात दिव्यांवर किडे झेपावतात, म्हणून अंधारात गाडी काढत नाही. हातात सामान नसेल आणि एसटी वेळेवर असेल तर एसटीच. चातुर्मासात दिशेची मर्यादा पोलादपूरपर्यंत. त्यापुढे आंबेनळीचा घाट पावसात नकोच. 2018 च्या जुलैमधला तिथला बसचा अपघात आपण कोणी विसरलेलो नाही, तशीच 2 ऑगस्ट 2016 ची सावित्रीच्या पुलाची रात्रही. आणि पहाटे हायवेच्या कडेने विहार करणारे महाराजसाहेब दिसले, तर गाडी अगदी हळू, हॉर्न नाही. जे आयुष्यभर वाहनाला शिवत नाहीत, त्यांना आपल्या वाहनाची भीती वाटू नये.

महाडकरणींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. जुलै 2021 च्या पुरानंतर इथे गाडी घेताना विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण आहे का ते विचारावंच. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करायला गेलं आणि इंजिनात पाणी शिरलं, तर साध्या विम्यात तो खर्च सहसा मिळत नाही. पाणी चढायच्या बातम्या आल्या की आधी गाडी उंचावर न्यावी, मग बाकीचं.

शेवटी वयाचं. पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतं आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. मला हा नियम अपमानाचा वाटत नाही. काळाचं परिमाणच आहे ते. मी डोळे दरवर्षी तपासते, आणि डॉक्टर नको म्हणतील त्या दिवशी किल्ली ठेवून द्यायची हे आत्ताच ठरवलं आहे. पण तो दिवस डॉक्टरांनी सांगावा, शेजारणींनी नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जणींची लायसन्स कपाटात साड्यांखाली पडली आहेत. काढून तारीख बघा. मुदत संपून वर्ष उलटलं, तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. गाडी घ्या किंवा घेऊ नका, ते तुमचं परिमाण. पण आपल्याला येणारी गोष्ट केवळ वयाच्या नावाखाली सोडून देणं, याला मी त्याग मानत नाही. त्याग जाणूनबुजून, आपल्या इच्छेने करायचा असतो.