ब्लँकेट नको, हक्काचा कागद हवा

घोडबंदर रस्त्यावरचे चेणे मीरा-भाईंदर महापालिकेत मोडते. मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आणि जंगलाच्या कडेला आदिवासी पाडे. अशा पाड्यांवर कंपन्यांच्या गाड्या येतात, ब्लँकेटे वाटली जातात, फोटो निघतात, संध्याकाळी गाड्या परततात. साहेब लोक जी कीव घेऊन येतात तीच घेऊन जातात.

२०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले. पैसा आला, दृष्टी बदलली नाही. कारण तुम्हाला काय हवे, हे पाड्याला कोणी विचारतच नाही.

ऑस्ट्रेलियात 'जावुन' या संस्थेने २००१ पासून वेगळी वाट धरली. बँकांचे, कंपन्यांचे अधिकारी काही आठवडे मूलनिवासींच्या संस्थांत जाऊन, त्या सांगतील ते काम करतात. शिकवायला गेलेला शिकून येतो. याचे आम्ही स्वागतच करू. पण त्याच देशात १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात मूलनिवासींना घटनात्मक आवाज देण्याचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतदारांनी फेटाळला. काही अधिकाऱ्यांची मने बदलली म्हणून हक्क मिळत नसतात.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणेच्याही पुढे मैत्री ठेवली. कीव वरून खाली येते. मैत्रीला बरोबरी लागते.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या वा ती कसणाऱ्या आदिवासीचा तिच्यावर हक्क आहे. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्याला हटवता येत नाही. महापालिकेची हद्द या कायद्याने वगळलेली नाही. मग कंपनीच्या हिशेबनिसाने पाड्यावर बसून दाव्याचे कागद जुळवावेत, इंजिनिअरने नकाशा काढून द्यावा. मात्र काम पाड्यातील माणसे सांगतील ते आणि तसे. दावा फेटाळला गेला तर अपिलापर्यंत सोबत राहावे. तेव्हाच मन बदलले असे आम्ही मानू.

हीच कसोटी आपल्या समाजातील शिकलेल्या नोकरदारांनाही लागू आहे. कंपन्यांत आज आपलीही मुले आहेत. त्यांनी पाड्यावर दाता म्हणून नव्हे, साथी म्हणून जावे.

जयभीम!